शिंगाडेंची आर्ग्युमेंटं

शिंगाडेंना नुसतं 'चला' म्हटलं तर ते जागचे हलत नसत. "कुठं?" म्हणून विचारायचे. 'जेवायला' म्हटलं की, "डबा घेऊन का डब्याबिगर?" एवढं कळलं की मात्र एक अक्षर न बोलता उठायचे. ते आमच्या कंपनीत नवीन आले तेव्हा सगळ्यांचं मत पडलं की माणूस किचकट डोक्याचा आहे. माझंही पडलं. पुढं सहा वर्षं त्यांच्या शेजारच्या खोलीत काम करूनही ते मत काही बदललं नाही. फरक इतकाच, की ते रजेवर असले की मला करमायचं नाही.

आमची कंपनी बियाण्यांची. नवीन जालन्याच्या टोकाला एकाच आवारात ऑफिस, प्रयोगशाळा आणि गोडाऊन. मी प्रयोगशाळेत. ओल्या कागदात शंभर-शंभर दाणे गुंडाळून ठेवायचे आणि ठरल्या दिवशी उलगडून किती उगवले ते मोजायचं, हे माझं काम. रंगनाथ शिंगाडे कॉम्प्युटरवाले. मूळचे टेंभुर्णीकडचे, घरी मेंढरं. शिकून पुण्यात काही वर्षं नोकरी केली आणि वडिलांना दिसेनासं झालं तसे परत आले. उंच, किडकिडीत, शर्टाचं सगळ्यात वरचं बटणही लावलेलं. बारा महिने. जालन्याच्या मे महिन्यातसुद्धा.

त्यांच्या आधी बियाण्याच्या पिशव्यांवरची लेबलं छापायला एक जुना प्रोग्राम होता. त्याची खोड अशी, की तुम्ही पीक सांगायला विसरलात तर तो आपल्या मनानं कापूस धरायचा. एकदा भेंडीच्या पिशव्यांवर त्यानं कापूस छापला. गोडाऊनमध्येच लक्षात आलं म्हणून निभावलं. शिंगाडेंनी आल्या आल्या ही गोष्ट ऐकली आणि कुणीतरी घरचं माणूस गेल्यासारखा चेहरा केला.

"मॅडम," मला म्हणाले, "पिकाला डिफॉल्ट नसतो. देवानंच ठिवला न्हाई, तर आपण कोण ठिवणारे?"

मग त्यांनी नवा प्रोग्राम लिहायला घेतला, तो हास्केल नावाच्या भाषेत. जालन्यात ही भाषा जाणणारा दुसरा माणूस असेल तर तो मला कधी भेटला नाही. कुणी विचारलंच, की ही कसली भाषा, तर शिंगाडे खुलायचे. "ही फंक्शनल हे. चक्कीवानी. ज्वारी टाकली की ज्वारीचंच पीठ. काल टाकली तरी तेच, आज टाकली तरी तेच. चक्कीचा मूड बिड काही न्हाई."

प्रोग्राम चालायचा काळ्या पडद्यावर. बटणं नाहीत, चित्रं नाहीत. एक ओळ टाइप करायची. आधी 'लेबल', मग दोन आडव्या रेघा मारून 'पीक' आणि पिकाचं नाव, पुन्हा दोन रेघा मारून 'लॉट' आणि त्याचा नंबर. सगळं इंग्रजी अक्षरांत, पण शब्द आपले. या तुकड्यांना शिंगाडे आर्ग्युमेंटं म्हणत. ती ओळखायला त्यांनी एकेक छोटं फंक्शन, म्हणजे एकाच कामाची छोटी चक्की, लिहिलं होतं. पीक ओळखणारं वेगळं, लॉट ओळखणारं वेगळं, आणि मग ती एकमेकांना जोडून एक मोठं. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेली फंक्शनं, म्हणजे लायब्ररी, तयार मिळते ती घ्या, असं इंटरनेटवर लोक सांगतात म्हणे. पण शिंगाडेंनी सगळं हातानं लिहिलं. "दुसऱ्यानं चावलेला घास आपल्याला गोड लागत न्हाई," म्हणाले.

त्या प्रोग्रामच्या दोन गोष्टींचा त्यांना फार अभिमान. एक म्हणजे, 'मदत' असं टाइप केलं की काय काय द्यायचं त्याची यादी यायची, आणि ती यादी त्या फंक्शनांमधूनच आपोआप तयार व्हायची. माहितीपुस्तक वेगळं लिहिलं की ते महिन्याभरात खोटं बोलायला लागतं, असं त्यांचं म्हणणं. दुसरी गोष्ट म्हणजे चार चुका असतील तर प्रोग्राम चारही एकदम सांगायचा. "एक कागद आणा, तो आणला की दुसरा आणा, असं माणसाला खेटे घालायला लावायचं न्हाई. जे जे न्हाई ते एका दमात सांगून मोकळं व्हायचं."

ते कसं सांगायचं, हा मात्र वादाचा विषय झाला. कारण शिंगाडेंनी चुकांचे निरोप आपल्या आईच्या भाषेत लिहिले होते.

एकदा हैदराबादहून पाहुणे आले. आमचे मॅनेजर देशमुख साहेब त्यांना घेऊन गोडाऊनमध्ये शिरले. पॅकिंगचं मशीन दाखवलं, मला हाक मारून उगवणीचे कागद दाखवले आणि मग उत्साहाच्या भरात स्वतःच काळ्या पडद्यासमोर बसले. "हे आमच्याच माणसानं बनवलंय," असं म्हणत त्यांनी 'लेबल' एवढंच टाइप केलं आणि एंटर मारलं. पडद्यावर आलं:

"पीक दिलं न्हाई. लॉट दिला न्हाई. नुसतं लेबल लेबल करून कसं भागंल, भाऊ? आधी मदत वाचा अन् मंग या."

पाहुण्यांपैकी एकाला मराठी येत होतं. त्यानं दुसऱ्याला भाषांतर करून सांगितलं. साहेबांचे कान लाल झाले.

पाहुणे गेल्यावर शिंगाडेंना बोलावणं आलं. दार उघडंच होतं, त्यामुळे आम्ही सगळे कामात होतो आणि ऐकत होतो.

"साहेबाशी बोलायची ही पद्धत आहे का?"

"साहेब, समोर कोण बसलंय ते प्रोग्रामला कसं कळंल? ते आर्ग्युमेंट आपण ठिवलेलंच न्हाई."

"मग ठेवा!"

शिंगाडेंनी त्याच दिवशी ठेवलं. ओळीच्या शेवटी दोन रेघा मारून 'साहेब' लिहिलं, की निरोप बदलायचा: "पीक सांगण्याची कृपा करावी, ही नम्र विनंती." अडचण एवढीच होती, की साहेब स्वतः ते लिहायला दर वेळी विसरायचे आणि बोलणी खायचे. उलट गोडाऊनमधले हमाल येता-जाता गंमत म्हणून पडद्यासमोर बसायचे आणि ते न चुकता लिहायचे. दिवसभरात दहा वेळा स्वतःला नम्र विनंती करून घ्यायचे आणि खूश होऊन पोत्यांकडे जायचे.

गोडाऊनमध्ये हे टाइप करायचं काम सय्यदभाईंचं. पन्नाशीचे, जाड भिंगांचा चष्मा, दोन बोटांनी टाइप करायचे. प्रत्येक अक्षर दाबण्याआधी त्याच्याकडे बघून मान हलवायचे, जसं ओळखीचं कुणी दिसलंय. त्यांचं आणि शिंगाडेंचं चांगलं जमायचं, कारण सय्यदभाईंनाही अर्धवट सांगितलेलं चालत नसे.

शिंगाडेंच्या घरी मात्र इतकं सरळ नव्हतं. एकदा त्यांच्या बायकोनं, सुनंदावहिनींनी, 'येताना भाजी आणा' असा मेसेज पाठवला आणि हे हात हलवत घरी गेले. का, तर कोणती भाजी ते दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आले ते मोबाईल पुढं करूनच. आदल्या संध्याकाळी परत बाजारात पिटाळून वहिनींनी पाठवलेला नवा मेसेज होता. दोन रेघा, भाजी, मेथी. दोन रेघा, जुड्या, दोन. दोन रेघा, तोंड बंद.

"बघा मॅडम," शिंगाडे कौतुकानं म्हणाले, "शेवटचं बघा. ह्याला फ्लॅग म्हंत्यात. भाजीच्या फुडं मेथी लागती, जुड्याच्या फुडं आकडा लागतो, पण तोंड बंदच्या फुडं काईच लागत न्हाई. नुसतं असलं की झालं. अन् हे तिला कुणी शिकवलं न्हाई!"

मी विचारलं, "मग काल भाजी आणली का?"

"आणली की. अन् बोललो बी न्हाई." मग मोबाईल खिशात टाकत, "आज सकाळपस्तोर."

आता जे सांगायचं आहे त्यातही एक फ्लॅगच आहे. त्याचं नाव 'थांब'.

एखाद्या लॉटच्या उगवणीचा निकाल माझ्याकडून आलेला नसला, तर त्याच्या लेबलावर ठळक अक्षरांत 'थांबवा' छापायचं, म्हणजे ती पिशवी गोडाऊनबाहेर जायची नाही. त्यासाठी ओळीत दोन रेघा मारून 'थांब' लिहायचं. पेरणीच्या तोंडावर हा फ्लॅग फार महत्त्वाचा. कारण तेव्हा ट्रक दारात उभे असतात आणि जो तो घाईत असतो.

एका वर्षी सोयाबीनचा एक लॉट माझ्याकडे तपासणीला होता. आठव्या दिवशी सकाळी मी कागद उलगडले. निम्मे दाणेसुद्धा उगवले नव्हते. बाकीचे नुसते फुगून मऊ पडलेले. दुसरे कागद उलगडले, तिसरे उलगडले, तेच. मी गोडाऊनमध्ये फोन केला, की हा लॉट बाजूला काढून ठेवा. पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, ते तर सकाळीच गेलं. मंठ्याच्या ट्रकमध्ये."

त्या पिशव्या एकदा दुकानात गेल्या असत्या की दोन-तीन दिवसांत रानात गेल्या असत्या. ज्यानं पेरलं असतं त्याला दहा दिवस काही कळलं नसतं. आणि कळलं असतं तेव्हा हंगामाची वेळ हातची गेलेली असती. देशमुख साहेबांनी ट्रकवाल्याला फोन लावला. तो उचलेना. दोन माणसं मोटरसायकलवर मंठा रोडला पिटाळली. मंठ्याच्या अलीकडे एका धाब्यासमोर ट्रक उभा सापडला. ड्रायव्हर आत दुसरी भाकरी मागत होता आणि त्याचा फोन ट्रकमध्ये वाजत होता. त्याला भूक लागली म्हणून आम्ही वाचलो.

पिशव्या परत आल्या. लेबलांवर 'थांबवा' नव्हतं.

साहेबांच्या खोलीत सगळे जमले. सय्यदभाई घामाघूम झाले होते. "साहेब, मैं लिख्या था. अल्ला कसम. थांब लिख्या था मैं."

साहेबांनी शिंगाडेंकडे बघितलं. शिंगाडे म्हणाले, "दिलं असतं तर छापलं असतं. प्रोग्राम मनानं काई करत न्हाई."

ते रागानं बोलले नव्हते. बेरीज सांगावी तसं सांगितलं होतं. पण सय्यदभाईंनी त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मला अजून आठवते. साहेब म्हणाले, उद्यापासून सय्यदनं टाइप करायचं नाही, पोती मोजायला बसायचं, आणि पुढचं हेड ऑफिस ठरवेल. पुढचं म्हणजे काय, ते सगळ्यांना कळलं. सय्यदभाई चष्मा काढून पुसत पुसत बाहेर गेले. त्यांनी तो दारापर्यंत पुसला, जिन्यावर पुसला. घातला मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी शिंगाडेंचे वडील डोळे दाखवायला जालन्याला आले होते. अण्णा. पांढरं धोतर, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. दुपारी शिंगाडे त्यांना डबा खायला ऑफिसात घेऊन आले आणि मीही माझा डबा घेऊन तिथं बसले. वातावरण हलकं व्हावं म्हणून मी म्हटलं, "अण्णा, तुमचा पोरगा इथं काय काम करतो, माहिती आहे का?"

"न्हाई बा," अण्णा म्हणाले. "इचारलं की इंग्रजी बोलतो."

शिंगाडेंना ते लागलं. भाकरी बाजूला ठेवून ते सरसावले. "अण्णा, असं समजा. सांजच्याला मेंढरं वाडग्यात घ्यायचीत. एक माणूस दारात उभा. त्यो फकस्त आपली वळखणार. आपली आली की आत घेतली, राहिलेला कळप फुडच्या माणसाकडं. त्यो मामाची मेंढरं वळखणार. त्याची झाली की राहिलेला कळप तिसऱ्याकडं. माझा प्रोग्राम अस्साच. माणसानं एक ओळ लिहिली की पयलं फंक्शन पीक वळखून घेतं, उरलेलं फुडं देतं. दुसरं लॉट वळखून घेतं, उरलेलं फुडं देतं."

मला पहिल्यांदा सगळं नीट समजलं. अण्णांनाही समजलं असावं, कारण ते घास चावता चावता बराच वेळ विचार करत होते.

"बराबर हे," ते म्हणाले. "अन् समद्यांची झाल्यावर येक मेंढरू उरलं तर?"

"म्हंजी?"

"कुणाचंच न्हाई असं. चुकून आलेलं. त्याचं काय करून राह्यला तू?"

"काय न्हाई. त्ये... त्ये राहतं तसंच."

"बाहीर? रातभर?" अण्णांचा घास हातातच राहिला. "कुणाला न इचारता? आरं, कुणाचं हे म्हून हाळी तर घालशील का न्हाई? कुणीतरी हुडकत असंल की त्याला."

शिंगाडे उठले. हातही धुतला नाही. पिठल्याच्या हातानं गोडाऊनकडे पळाले आणि मी त्यांच्या मागे. काळ्या पडद्यावर आधी टाइप केलेल्या ओळी पुन्हा बघता येतात. त्यांनी वरच्या बाणाचं बटण दाबत दाबत कालच्या मागची, परवाच्या मागची ओळ काढली. सोयाबीनचा तोच लॉट. आणि ओळीच्या शेवटी दोन रेघा आणि 'थांब'. होतं. पण इंग्रजी अक्षरांत लिहिताना त्यात एकच ए हवा होता, सय्यदभाईंनी दोन दिले होते. मराठीत थांबमध्ये काना आहे म्हणून त्यांनी इमानदारीत दोन ए मारले होते. पीक ओळखणाऱ्या फंक्शननं पीक घेतलं, लॉटवाल्यानं लॉट घेतला, थांबवाल्याला तो शब्द ओळखू आला नाही, आणि उरलेला शब्द कुणालाही न विचारता टाकून देऊन प्रोग्रामनं लेबलं छापली होती.

कीबोर्डवर पिठलं लागलं होतं. मग शिंगाडेंनी शर्टाचं सगळ्यात वरचं बटण सोडलं. मी सहा वर्षांत ते एकदाच पाहिलं.

ते सरळ साहेबांच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं.

"साहेब, चूक माझी हे. सय्यदभाईंनी थांब दिल्तं. एक अक्षर जास्ती पडल्तं. माझ्या प्रोग्रामनं त्ये न सांगता गिळलं. त्यानं वरडायला पायजे व्हतं, अन् वरडायचं मी लिहिलंच न्हाई."

साहेब गडबडले. सय्यदभाईंबद्दलचं पत्र टेबलावर तयार होतं. "अहो शिंगाडे, हे असं लेखी गेलं तर तुमचं..."

"जाऊ द्या लेखी. सय्यदभाईंचं नाव काढा, माझं टाका."

नंतर ते गोडाऊनमध्ये गेले. सय्यदभाई पोत्यावर बसून होते. आजूबाजूला सात-आठ हमाल. शिंगाडे त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहिले आणि त्यांना दुसरं काही येतच नव्हतं म्हणून जसं येतं तसंच बोलले.

"कोण चुकलं, तर शिंगाडे. कुठं चुकलं, तर उरलेलं टाकून देण्यात. कुणावर ढकललं, तर सय्यदभाईंवर. कुणासमोर, तर साहेबासमोर. माफी ऐच्छिक हे. तुमची इच्छा असंल तर."

सय्यदभाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "बस करो, शिंगाडे. और एक आर्ग्युमेंट दिया तो मैं रो देऊंगा."

हमाल हसले. सय्यदभाई मात्र खरंच रडले. आणि मग चष्मा पुसून घातला.

त्या संध्याकाळी प्रोग्राम बदलला. आता एकही शब्द उरला तर तो काही छापायचा नाही. 'हे मेंढरू कुणाचं?' असं विचारायचा, तो शब्द दाखवायचा आणि 'तुम्हाला थांब म्हणायचंय का?' असंही सुचवायचा. मी म्हटलं, इतकं कळतंय तर त्यानं स्वतःच दुरुस्त करून घ्यावं ना. शिंगाडेंनी मान हलवली. "इचारायचं. ठरवायचं न्हाई." पुढं देशमुख साहेबांनी कुणालाही न सांगता हेड ऑफिसला असं कळवलं, की चूक सापडली आणि दुरुस्त झाली. नाव कुणाचंच टाकलं नाही. ज्या माणसानं काळ्या पडद्याची इतकी बोलणी खाल्ली होती, त्यानं हे केलं, म्हणून सांगते.

दोन वर्षांनी शिंगाडेंना हैदराबादला नोकरी लागली. तिथं म्हणे सगळं कामच त्या चक्कीवाल्या भाषेत चालतं. वहिनी आणि अण्णा नंतर जाणार होते. थंडीचे दिवस, सकाळची गाडी. जालना स्टेशनावर आम्ही पाच-सहा जण पोहोचवायला गेलो. गाडी आली. शिंगाडे चढले, दारात उभे राहिले. आम्ही हात हलवले. सय्यदभाईंनी रुमाल काढला. सगळं रीतसर झालं आणि गाडी हलेचना.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. निरोप तर घेऊन झालेला. आता बोलायचं काय? आम्ही इकडं हसतोय, ते तिकडं हसताहेत, पुन्हा एकदा हात हलवताहेत. शेवटी शिंगाडे खाली उतरले. एका चहावाल्याकडून सगळ्यांना चहा सांगितला. काचेचे गिलास होते. सय्यदभाई फुंकर मारून मारून पीत होते आणि शिंगाडे काहीतरी सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात गाडीनं झटका दिला.

मग एकच आरडाओरडा झाला. सय्यदभाईंनी आपला गिलास माझ्या हातात कोंबला आणि शिंगाडेंना पाठीमागून असा काही रेटा दिला, की ते दारात पडता पडता उभे राहिले. चहावाला पळत सुटला, "ओ सायब, गिलास! गिलास!" शिंगाडेंनी हातातल्या गिलासाकडे पाहिलं. तो अर्धा भरलेला होता. फेकावा तर फुटेल, द्यावा तर हात पुरेना. त्यांनी तो दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि आमच्याकडे बघून मोठ्यानं हसू लागले. इतकी वर्षं मी त्यांना तोंडातल्या तोंडात हसतानाच पाहिलं होतं. ते काहीतरी ओरडत होते, पण चाकांच्या आवाजात एक शब्द कळला नाही.

"क्या बोले?" सय्यदभाईंनी विचारलं.

"ऐकू नाही आलं," मी म्हटलं.

गाडी वळणावर गेली. चहावाला धापा टाकत परत आला आणि आमच्या हातातले गिलास एकेक करून काढून घेऊ लागला.